मधल्या खोलीचा पट्टा

१

पांढरा म्हणजे पांढरा, त्यात निवडायचं काय, असं ज्याला वाटतं त्याने एकदा गोंदियाच्या बाजारात रंगाच्या दुकानात जाऊन पाहावं. अल्का शहारे गेली आणि चक्रावली. दुकानदाराने काउंटरवर शेड कार्ड उलगडलं, तर त्यातला एक अख्खा पंखा नुसत्या पांढऱ्यांचाच निघाला. दुधाचा पांढरा, सायीचा पांढरा, मोगऱ्याचा, शंखाचा, हस्तिदंताचा. एक तर चक्क धुक्याचा.

"मॅडम, एकदम प्योर व्हाइट मत लो," दुकानदार म्हणाला. "घर में कोई नहीं लेता. सब दिखता है उसमें. थोडा क्रीम मार दो, मैल छुप जाता है."

"मले छुपवाचं नाही ना," अल्का म्हणाली. "जे आहे ते दिसू द्या."

तिची मुलगी रीना शेजारी उभी होती. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती आणि तिला फिका जांभळा पाहिजे होता. "आई, घर नाही, दवाखाना दिसन," ती कुजबुजली. आईचं आयुष्य दवाखान्यातच गेलं, हे बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं.

अल्का नर्स होती. नोकरी लागल्यापासून ती सरकारी क्वार्टरमध्ये राहिली. आधी दरेकशाच्या जंगलात, मग बदली होईल तिथे. प्रत्येक क्वार्टरला खालून कंबरेपर्यंत तेलरंगाचा गडद पट्टा असायचा. सरकारला बहुधा वाटत असावं की माणसं घाणेरडीच असतात, तेव्हा आधीच भिंत गडद करून ठेवलेली बरी. त्या पट्ट्यावर तिरपा उजेड पडला की आधी राहून गेलेल्यांचे हात, पाठी, डोकी सगळं तेलकट चमकायचं. दुसऱ्यांच्या मळात जेवायचं आणि झोपायचं, आणि भिंत आपली नाही म्हणून खिळासुद्धा ठोकायचा नाही. तिचा नवरा संघदीप रीना चालायला लागायच्या आधीच वारला. तोही अशाच एका हिरव्या पट्ट्याला टेकून बसायचा. तिला त्या पट्ट्यांचा मनापासून राग होता.

आता तिने स्वतःचं घर घेतलं होतं. क्वार्टरची किल्ली परत करून झाली होती. परतीची वाट तिने स्वतःच बंद केली होती, आणि याचा तिला फार अभिमान होता. बुद्धपौर्णिमेला घरात वंदना ठेवायची, सगळ्यांनी पांढऱ्या साड्या नेसून यायचं आणि भिंतीही पांढऱ्या असायच्या, असं तिने ठरवून टाकलं होतं. पट्टा नको, काठ नको. जमिनीपासून वरपर्यंत एकच रंग.

तिने शेड कार्डातला सगळ्यात पहिला, सगळ्यात कोरा चौकोन बोटाने दाबून धरला. दुकानदाराने खांदे उडवले आणि डबे काढायला सांगितले.

२

घर गोंदियाजवळ मुर्रीला होतं, वस्तीच्या अगदी टोकाला. मागच्या अंगणापासून धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, सुरू होत. देवाजी नावाच्या म्हाताऱ्याने ते विकलं आणि तो नागपूरला मुलाकडे निघून गेला. ओसरी, मधली खोली, तिच्या मागे स्वयंपाकघर, बाजूला एक लहानशी खोली आणि वर कवेलू, म्हणजे कौलं. मधली खोली सगळ्यात मोठी. कवेलूंचा उतार तिच्यावर सगळ्यात उंच होता, त्यामुळे भर वैशाखातही तिथे गार वाटायचं.

पट्टे या घरालाही होतेच. ओसरीत होता, स्वयंपाकघरात होता, चांगला कंबरेएवढा. मधल्या खोलीत मात्र तो संपतच नव्हता. गडद तपकिरी रंग जमिनीपासून निघून खिडकीच्या चौकटीवर, दाराच्या चौकटीवर चढला होता आणि थेट आढ्याखाली वीतभर जागा सोडून थांबला होता. चारही भिंतींना तसाच.

पेंटर छोटेलाल पत्रा घेऊन तो खरडायला लागला आणि थोड्याच वेळात शिडीवरून ओरडला, "सिस्टर, हा पट्टा कोन मारला वो? पट्टा म्हणते का याले? ही तर भिंतीले चड्डी नाही, पूरा सूट शिवला!"

छोटेलाल बोलका माणूस होता. हाताइतकंच त्याचं तोंड चालायचं, किंबहुना हात थोडा मागेच पडायचा.

"देवाजी उंच असल," अल्का म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला देवाजी आठवला. रजिस्ट्रीच्या दिवशी तो तिच्या खांद्यालाही लागत नव्हता.

तपकिरीखाली दुसरा तपकिरी निघाला. त्याच्याखाली हिरवा, हिरव्याखाली जवळपास काळा. लोक घर रंगवतात ते दिवाळीला, लग्नकार्याला. इथे कोणीतरी थराला थर चढवत गेलं होतं आणि भाकरीएवढी जाड साल झाली होती. प्रत्येक थर त्याच उंचीवर थांबला होता. छोटेलालचं बोलणं हळूहळू कमी झालं. दुपारनंतर तो गाणंही म्हणेना.

शेजारची शामकला कुंपणापाशी आली. मुर्रीतच जन्मलेली, मुर्रीतच दिलेली, गावाची खडान्‌खडा माहिती असलेली बाई. "नर्सबाई, पट्टा खरडून राहिल्या का?"

"खरडून राहिलो. पांढरं कराचं आहे."

"पूरं पांडरं? बापा! बिनकुंकवाच्या कपारावानी दिसल घर."

अल्काला राग आला, पण तिने तो गिळला नाही. "माझं लग्न पांढऱ्या साडीत झालं, शामकलाबाई. आमच्यात पांढरं शुभच असते. आणि कपाळाचं म्हणाल तर ते माझं आहे, मी पाहून घेईन."

शामकलाचा चेहरा पडला. टोमणा मारायचा तिचा विचार नसावा. ती कुंपणाच्या काटक्या उगाच सरळ करत राहिली आणि म्हणाली, "तसं नाही वो. बाकीच्या घराले लाव पांडरं. मधल्या खोलीचा पट्टा राहू दे." मग कोणीतरी हाक मारल्यासारखी ती वळून घरात गेली. हाक कोणीच मारली नव्हती.

३

रंग झाला आणि अल्का पाहतच राहिली. तिने खोलीत काही ठेवलं नव्हतं, फक्त एका भिंतीला बुद्धाची तसबीर आणि जमिनीवर एक चटई. सकाळचं ऊन खिडकीतून येऊन भिंतीवर पडायचं आणि खोलीभर पसरायचं. ती चहाचा कप घेऊन मधोमध बसायची आणि खुशाल काहीच करायची नाही. इतकं सुख झालं की तिला थोडी लाजही वाटली. रीनासुद्धा एकदा बोलून गेली, "आई, चांगलं दिसते वो. मले वाटलं नव्हतं."

डाग दिसला तो रंग पुरता वाळल्यावर.

मराठी घरात हा डाग ओळखायला कोणाला शिकवावं लागत नाही. घरातलं एखादं माणूस रोज त्याच जागी भिंतीला टेकून बसतं आणि त्याच्या डोक्याचं तेल भिंतीत मुरत जातं. गोल, पिवळट, मधे गडद आणि कडेला विरत गेलेला. वर्षं लागतात त्याला. अल्काच्या कोऱ्या भिंतीवर तो आयता आला होता, स्वयंपाकघराच्या दारापासून थोडा अलीकडे, बरोबर तिच्या कपाळाच्या उंचीवर.

"कोण उभं राहिलं होतं इथं टेकून?" तिने रीनाला विचारलं.

रीना तिच्याहून ठेंगणी. तिने भिंतीला पाठ लावून दाखवली, डाग तिच्या डोक्याच्या वर राहिला. मग छोटेलालला बोलावणं गेलं. तो आला, डाग पाहिला आणि डोक्यावरचा रुमाल काढून आपलं तुळतुळीत टक्कल दोघींपुढे धरलं. "सिस्टर, या शेतात काय पिकते का? मी तेल कायले लावू?"

रीना हसली, अल्काही हसली. मग छोटेलालने ठसक्यात निदान केलं, की जुना ऑइलपेंट भिंतीत मुरला आहे, तोच वर येतो. अल्काला ते पटलं. तिला ते पटवून घ्यायचंच होतं. ती शिकलेली बाई, तापाने बडबडणाऱ्या कितीतरी पेशंटांना तिने भानावर आणलं होतं. भिंतीत तेल असलं तर बाहेर येणारच, त्यात काय. डाग पॉलिश पेपरने घासला, त्यावर प्रायमर मारलं, वरून पांढऱ्याचा आणखी एक हात दिला.

तो त्याच जागी परत आला. या वेळी एकटा आला नव्हता. त्याच्याखाली भिंत मोठ्या पसरट भागात गुळगुळीत झाली होती, जशी पाठ घासून घासून होते. रुंदी पाहून अल्काने आपले दोन्ही हात पसरले. हात पुरले नाहीत.

तिने ड्युटीच्या पिशवीतून कापूस काढला, स्पिरिटमध्ये भिजवला आणि डाग पुसला. बोळा पिवळा झाला. तिने तो नाकाशी नेला आणि लगेच दूर केला. रंगाचा वास नव्हता. मोहाच्या बियांच्या तेलाचा होता, तिच्या आजोळची म्हातारी माणसं डोक्याला चोपडायची त्या तेलाचा. आणि त्या वासाखाली घामाचा वास होता, ताजा.

तिने बोळा चुलीत टाकला आणि रीनाला काहीही सांगितलं नाही.

४

त्या वर्षी भारनियमनाने लोक जेरीस आले होते. ऐन दुपारी वीज जायची. त्या दिवशी दोघी मायलेकी जेवून मधल्या खोलीत चटईवर पडल्या होत्या. रीनाचा डोळा लागला होता. वीज गेली, पंखा फिरत फिरत थांबला, कूलर थेंब टाकत गप्प झाला. बाहेर एक कावळासुद्धा ओरडत नव्हता.

तेव्हा अल्काला ते ऐकू आलं.

बराच वेळ एका जागी बसलेलं माणूस अवघडून थोडं सरकतं, पाठ भिंतीला घासून नीट टेकून बसतं, तेव्हा होतो तो आवाज. खर्र. थांबून पुन्हा, खर्र. मग समाधानाने टेकल्यासारखी शांतता.

आवाज स्वयंपाकघराच्या दाराच्या बाजूने आला होता. अल्का हलली नाही. उंदीर असेल, तिने स्वतःला सांगितलं. उंदीर आढ्यात खुडबुडतो, भिंतीवर सपाट घासत नाही, हे तिला माहीत होतं, तरी सांगितलं. पाल असेल. कवेलू तापलं असेल. असेल ते असेल. ती भिंतीकडे टक लावून पडून राहिली. भिंत पांढरी होती आणि रिकामी होती. भिंतीवरचा डाग मात्र तिच्या डोळ्यांदेखत ओला होत होता.

तिला भीती वाटली. उगाच लपवण्यात अर्थ नाही. पण त्या भीतीच्या बरोबरीनेच एक दुसरी गोष्ट वर आली, आणि ती होती चीड. जन्मभर दुसऱ्यांच्या भिंतींना पाठ लावली, आणि आता माझ्या भिंतीला हे कोण टेकतं?

ती उठून बसली. तशी मान आपोआप वर गेली, आणि तिला दुसरा डाग दिसला.

तो पार वर होता, आढ्याच्या खाली, जिथे छोटेलालला शिडीच्या शेवटच्या पायरीवरून हात लांबवावा लागला होता. तोही गोल, पिवळट, मधे गडद.

दोन डाग आहेत म्हणजे दोघं आहेत, असं तिला आधी वाटलं. मग तिने वरच्या डागापासून नजर सरळ खाली आणली, खालच्या डागापर्यंत आणि त्याखालच्या गुळगुळीत भागापर्यंत, आणि तिला कळलं. खालचा डाग उभ्या माणसाच्या डोक्याचा नव्हताच. ते बसल्यावर डोकं तिथं येत होतं. उभं राहिल्यावर ते वर जात होतं.

५

देवाजीच्या मुलाचा मोबाइल नंबर तिच्याकडे होता. तिने ओसरीत उभं राहून फोन लावला. म्हातारा फोनवर आला आणि खोकला.

"देवाजीभाऊ, मी मुर्रीची नर्सबाई बोलून राहिली. मधल्या खोलीत..."

"पट्टा खरडला काय तुमी?"

तिने हो म्हटलं. पलीकडे टीव्ही चालू होता, कोणाचं तरी लहान मूल रडत होतं.

"मी तुमाले सांगणार होतो," देवाजी म्हणाला. "पण मंग तुमी घर घेतलं नसतं. आमी बाप्पा पट्टा मारून राहत होतो. वर चमकाले लागलं का पुन्हा मारत होतो. माझ्या बापानं बी तसंच केलं. अंगाले हात नाही लावत ते, बाई. नुसतं बसते."

"कोण बसते?"

"मी कायले पाहू?" म्हातारा एकदम चिडला. "पाहाचं नाही म्हणून तर पट्टा होता. मारून घ्या. दिसलं नाही का आपलं जमते." आणि त्याने फोन ठेवला.

रीना दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिचा चेहरा पाहून अल्काला वाटलं, ही पोरगी हे आज ऐकत नाही, हिला आधीच माहीत आहे.

"मले आवाज येते," रीना म्हणाली. "मी झोपली असते असं तुले वाटते. मी झोपत नाही, डोळे मिटून पडते."

"सांगितलं काऊन नाही?"

"तू किती खूश होती. आई, मी मामाकडं जाते आमगावले. तिथून गाडीनं कॉलेज करीन. तू पण चल. घराले कुलूप लाव."

मामाकडे. त्याच्या बायकोच्या संसारात एक कोपरा, त्यांच्या वेळेला जेवण, त्यांच्या भिंती. अल्काने ते क्षणात डोळ्यांपुढे पाहिलं आणि मान हलवली. "माझं घर हे आहे."

"मग पट्टा मार. तो म्हातारा म्हणते तसा. मी राहीन. पण असं पांढऱ्यात नाही राहू शकत मी. दिसते ना ते!"

६

छोटेलाल दुसऱ्या दिवशी सकाळी तपकिरी ऑइलपेंटचा डबा घेऊन आला. रीनानेच त्याला निरोप धाडला होता. मागून शामकलाही आली आणि ओसरीच्या खांबाला धरून उभी राहिली. आत यायला मात्र तयार नव्हती.

छोटेलालने शिडी लावली. मधल्या खोलीत पाऊल टाकताना त्याने चप्पल काढली, एरवी तो कधी काढत नसे. दोन्ही डागांकडे त्याने एकदाच पाहिलं.

"सिस्टर, संध्याकाळपर्यंत करून टाकतो. दोन हात मारतो गच्च."

"खोलू नको डबा," अल्का म्हणाली.

"आई!"

"नर्सबाई, ऐका वो," शामकला ओसरीतून म्हणाली. "सगरे असेच राहते. माझी सासू मले म्हणे, लग्न होऊन आली तवा, का त्या घराच्या मधल्या खोलीत कोणी बोलावलं तर भिंतीकडं पाठ करून बसजो. मी विचारलं नाही कायले. पट्टा मारून घ्या, आन सुखानं राहा. न दिसणाऱ्याचा काय तरास?"

अल्काने दवाखान्यात असं सुख पुष्कळ पाहिलं होतं. दिसत नाही तोवर गाठ नाही, दिसत नाही तोवर टीबी नाही. बाया लुगड्याच्या पदराखाली झाकून आणायच्या आणि झाकूनच परत न्यायला बघायच्या. ती त्यांच्यावर खेकसायची, पदर बाजूला करा म्हणून. आणि आता तिनेच आपल्या भिंतीवर पदर ओढायचा होता, दर काही दिवसांनी नवा, मरेपर्यंत, आणि पुढे रीनाने.

"शामकलाबाई," ती म्हणाली, "पट्टा मारला म्हणजे ते जाते का?"

शामकला खांबाचा रंग नखाने खरडत राहिली.

"नाही जात. म्हणजे मी इथं जेवणार, पोरगी इथं अभ्यास करणार, आणि ते आपलं मागं बसून राहणार. आणि आपण म्हणायचं काही नाही, भिंत तपकिरी आहे! एवढ्यासाठी घेतलं का मी घर?" तिचा आवाज चढला होता. ती आता यांच्याशी बोलत नव्हती, स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून बोलत होती. "ज्याले माझ्या घरात बसाचं आहे त्यानं दिसून बसावं. चोरून नाही."

छोटेलालने डबा उचलला. पांढरा परत मारायचा असेल तर आपल्याला सांगू नका, घरी लेकरंबाळं आहेत, असं तो म्हणाला. शिडी, रोलर आणि ब्रश नंतर घेऊन जातो म्हणाला आणि गेला. शामकला त्याच्या मागोमाग गेली.

रीना बाजूच्या लहान खोलीत गेली आणि तिने बॅग भरायला घेतली. अल्काने तिला अडवलं नाही. बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला तेव्हा मात्र तिच्या मनात आलं, पोरीशिवाय हे घर म्हणजे पुन्हा एक क्वार्टरच. तिला हट्ट सोडावासा वाटला. खरंच वाटला. बोलावून घ्यावं छोटेलालला, तो कोपऱ्यापर्यंतही गेला नसेल. रीना बॅग घेऊन तिच्यासमोरून ओसरीत गेली आणि ऑटोची वाट पाहत उभी राहिली. तिने आईकडे पाहिलं नाही.

अल्काने पदर खोचला आणि उरलेल्या पांढऱ्या रंगाची बादली मधल्या खोलीत ओढली.

७

तिने रोलरला लांब काठी लावली आणि डागापासून बरीच लांबून सुरुवात केली. वरून खाली, खालून वर. रोलर भिंतीवर चरचर करत फिरत होता. रंग सारखा बसत होता. हात भरून आला तरी ती थांबली नाही. एक पट्टी झाली की शेजारी दुसरी, अशी ती डागाकडे सरकत गेली. बाहेर लख्ख ऊन होतं आणि खोलीत कुठे सावलीचा कोपरासुद्धा नव्हता.

डागाच्या अगदी अलीकडे चरचर बंद झाली.

रोलर भिंतीवरून उठला. तिने उचलला नव्हता, तो आपोआप तिच्या बाजूला आला, लोडावरून हात फिरवावा तसा गोलाईवर चढला आणि पलीकडे उतरला. काठीतून तिच्या तळव्यांना कळलं की खाली मऊ आहे, आणि मऊच्या आत हाडासारखं काही कडक आहे.

तिने रोलर मागे घेतला.

पांढऱ्या रंगाचा एक रुंद ओघळ हवेत होता. भिंतीपासून हातभर पुढे. त्याची सावली मागच्या भिंतीवर पडली होती. वरून तो खांद्यासारखा वळला होता, आणि अगदी संथपणे वर येत होता, खाली जात होता. ते श्वास घेत होतं. खांद्याच्या वर जिथे रंग लागला नव्हता तिथे काहीच नव्हतं, नुसती भिंत आणि भिंतीवरचा ओला डाग. तरी त्या रिकाम्या जागेतून आपल्याकडे पाहिलं जात आहे, हे तिला स्वच्छ कळलं.

पळून जा, असं तिचे गुडघे म्हणत होते. तिने गुडघ्यांचं ऐकलं नाही.

"सरक," ती म्हणाली.

वॉर्डात खाटेभोवती गर्दी करणाऱ्या नातेवाइकांना ती म्हणायची त्याच आवाजात म्हणाली, फक्त आवाज फाटला होता. ओघळ हलला नाही. तिने रोलर बादलीत बुडवला, भरून घेतला आणि पुन्हा त्यावरून फिरवला. या वेळी खांद्याखालची कड रंगली, दुमडलेल्या हाताचा लांबच लांब भाग रंगला. हात गुडघ्याला मिठी मारून बसलेला असावा. बोटांपर्यंत ती गेली नाही.

"सरक म्हणते ना! इथं माझी पोरगी बसन. तू कितीबी दिवसांचा असशील, मले काही घेणं नाही. हे घर आता माझं आहे आणि पट्टा मी मारणार नाही. दिसाचं असेल तर राहा, नाही तर जा."

खोलीत मोहाच्या तेलाचा वास एकदम दाटला. तिने ओठ घट्ट मिटले आणि काठी सोडली नाही.

मग तो आवाज झाला. खर्र. पांढरा ओघळ भिंतीलगत थोडा बाजूला गेला. थांबला. पुन्हा, खर्र. दाराच्या पलीकडे, खिडकीच्या विरुद्ध बाजूला, कोपऱ्यापर्यंत तो बसल्या बसल्याच घसटत गेला. जमिनीवर मागे पांढरे थेंब पडत गेले. कोपऱ्यात गेल्यावर तो लहान झाला. खांदा आत वळला, हात आणखी आवळला गेला. सोयऱ्याच्या घरी नको तेव्हा आलेलं माणूस बसतं तसं ते अंग चोरून बसलं.

अल्काने रोलर भिंतीला टेकवला आणि कपाळाचा घाम पुसला, तसा कपाळाला रंग लागला.

"आई."

रीना दारात होती. ऑटो आला असेल तर तिने तो परत पाठवला असावा, किंवा तो आलाच नसावा. बॅग तिच्या हातात होती आणि नजर कोपऱ्यात.

"दिसते का तुले?" अल्काने विचारलं.

रीनाने मानेनेच हो म्हटलं. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"मग भ्याचं काय राहिलं? आता तो कुठं बसला ते आपल्याले दिसत राहील. आपल्या मागं नाही येऊ शकत. आत ये."

रीना एक पाऊल आत आली. मग आणखी एक. कोपऱ्यावरची नजर न हलवता ती रिकाम्या झालेल्या जागेपर्यंत गेली, तिथे ओल्या भिंतीपासून जरा दूर तिने बॅग खाली ठेवली आणि आईच्या शेजारी उभी राहिली. कोपऱ्यातलं पांढरं काही वर येत होतं, खाली जात होतं. दोघी बराच वेळ ते पाहत राहिल्या. भीती गेली नव्हती, पण दोघींत ती वाटली गेली होती, आणि अल्काला बऱ्याच दिवसांनी घरात असल्यासारखं वाटलं.

मग रीनाची मान हळूहळू वळली. तसबिरीच्या भिंतीकडे, तिथून खिडकीच्या भिंतीकडे, तिथून दोघींच्या पाठीमागच्या भिंतीकडे. सगळ्या भिंती कोऱ्या, पांढऱ्या, रिकाम्या.

"आई," तिने अगदी हळू विचारलं, "एकच आहे ना?"

अल्काने रोलर पुन्हा बादलीत बुडवला, निथळवला आणि छोटेलालचा ब्रश काढून लेकीच्या हातात दिला.

"रंग पुष्कळ आहे," ती म्हणाली.